मामंजींचा गंजलेला चाकू आणि घरातली तीन मतं

पत्र थोडक्यात असं: डोंबिवलीच्या एक वाचक लिहितात की त्यांचे सासरे, त्या मामंजी म्हणायच्या, रत्नागिरीकडे आयुष्यभर आंब्याची कलमं बांधायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. गावच्या घराची आवराआवर करताना ट्रंकेत त्यांचा घडीचा चाकू सापडला. पातं अर्धवट मिटलेलं आणि तिथंच घट्ट बसलेलं, वर तपकिरी-लाल गंज, घासून घासून पातं अरुंद झालेलं, टोकाजवळ धारेचा बारीक तुकडा उडालेला. मूठ लाकडी, दुसऱ्या टोकाला एक पांढरी चपटी जीभ, ती कशासाठी ते कळत नाही. पात्याच्या बुडाशी अक्षरं पुसट, फक्त 'इंग्लंड' वाचता येतं. बाईंनी यंदा कलमं बांधायचं ट्रेनिंग घेतलंय आणि पावसाळ्यात ह्याच चाकूनं कोय कलमं, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधायची कलमं, करायची त्यांची इच्छा आहे. गावी राहणारे दीर म्हणतात हात लावू नका, वडिलांची आठवण आहे, आणि अशा चाकूंना नेटवर हजारोंचा भाव असतो. नवरा म्हणतो बाजारात स्वस्तात नवा मिळतो, कशाला खटाटोप. मुलानं एक व्हिडिओ दाखवला, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायचा आणि सकाळी आरशासारखा लख्ख. बाई विचारतात, लख्ख करू, तसाच ठेवू, की धारवाल्याकडे देऊ? आणि मामंजींनी लावलेली धार मी घालवली तर ते बरं दिसेल का?

ताई, आधी एक काम करा, मुलाला सांगा ती व्हिनेगरची बाटली परत स्वयंपाकघरात ठेव. बाकी काय ते आपण सावकाश ठरवू पण अख्खा चाकू बुडवणं हा प्रकार नको. व्हिनेगर गंज खातं हे खरं, पण गंज संपला की ते थांबत नाही, खालचं पोलादही खायला लागतं, आणि रात्रभर म्हणजे फारच झालं. शिवाय घडीच्या चाकूत नुसतं पातं नसतं, पाठीच्या बाजूला पोलादी पट्टीची स्प्रिंग असते, आत दोन्हीकडे बहुतेक वेळा पितळेचे पत्रे असतात, त्यांच्यावर लाकूड, आणि ह्या सगळ्यातून आरपार गेलेल्या पिना. आंबट पाणी ह्या फटींत एकदा शिरलं की पूर्ण बाहेर काढणं जवळपास अशक्य, मग वरून चकचकीत दिसणारा चाकू आतून परत गंजायला लागतो आणि लाकूड फुगून पिनांपाशी तडकतं ते वेगळंच. व्हिडिओत पुढचा महिना दाखवत नाहीत.

आता तुमच्या घरातली तीन मतं. भाऊजी, तुमचे मिस्टर आणि मुलगा तिघं तीन दिशांना बोलतायत पण तिघांनी मनात एक गोष्ट सारखीच धरलीय, की हा चाकू एक तर आठवण आहे नाहीतर वापरायची वस्तू आहे, दोन्ही एकदम असू शकत नाही. तुमच्या पत्राचा सूरही थोडा तसाच आहे, म्हणूनच तुम्हाला वापरायचा तर आहे पण अपराधी वाटतंय.

भाऊजींचं 'तसाच ठेवा' ऐकायला सगळ्यात सुरक्षित वाटतं. पण तसाच म्हणजे कसा? लाल गंज भुसभुशीत असतो, हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि त्याच्याखाली पोलाद खाणं चालूच राहतं, त्यात कोकणातली खारी दमट हवा. ट्रंकेत परत टाकला तर दहा वर्षांनी हा चाकू आजच्यासारखा नसणार, कदाचित पातं मुठीतच संपून जाईल. म्हणजे काहीच न करणं हाही त्या चाकूवर केलेला बदलच आहे, फक्त तो आपल्या हातून झाला नाही म्हणून बरा वाटतो. गंज थांबवणं आणि चाकू कामाला लावणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला भाऊजींचा विरोध असेल असं मला वाटत नाही, त्यांना कुणी तसं वेगळं करून विचारलंच नसेल.

हजारोंच्या भावाचं म्हणाल तर जुने इंग्लिश चाकू जमवणारे लोक आहेत आणि ते पैसेही मोजतात, पण ते बघतात काय तर पातं मूळच्या रुंदीचं आहे का, बुडाशी कोरलेलं बनवणाऱ्याचं नाव नीट वाचता येतं का, उघडमीट करताना खट्ट आवाज येतो का. कामात झिजलेलं पातं, पुसलेलं नाव, उडालेलं टोक, ह्यातलं काहीच त्यांच्या पसंतीचं नाही. 'इंग्लंड' ह्या एका शब्दाचा उपयोग अंदाजापुरता. मालावर देशाचं नाव घालायची पद्धत १८९० नंतर रूढ झाली, अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या मालावर ते सक्तीचं केलं तेव्हापासून, म्हणजे चाकू बहुतेक त्यानंतरचा. इंग्लंडमध्ये चाकू म्हटलं की बहुतेक वेळा शेफील्ड ह्या शहरातलाच, पण नावच पुसलंय तर छातीठोकपणे सांगण्यात अर्थ नाही. आणि समजा माझा अंदाज चुकला आणि तो खरंच दुर्मिळ निघाला तरी अशा चाकूची किंमत सगळ्यात जास्त कशानं पडते माहितीये? लख्ख केल्यानं. बफिंगच्या चाकाला लावला की कडा गोल होतात, उरलीसुरली अक्षरं जातात. म्हणजे विकायचा असो नाहीतर वापरायचा, आरसा करणं दोन्हीकडून तोट्याचं.

शिवाय हे पोलाद आरसा म्हणून राहणारच नाही. न गंजणारं पोलाद, आपलं स्टेनलेस, शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये बनवलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं कामाचे चाकू साध्या कार्बन पोलादाचे येत राहिले, अजूनही येतात, कारण त्याला धार चटकन लागते. तुमच्या पात्यावर एवढा गंज आहे म्हणजे ते ह्याच जातीचं. असं पातं वापरात काळपट होतंच, आजीची विळी आठवा, कैऱ्या चिरून चिरून काळी झालेली असायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. काळा थर वेगळा आणि लाल गंज वेगळा. काळा घट्ट बसतो आणि पुढच्या गंजाला थोडाफार अडवतो, लाल असतो तो फडक्याला लागतो आणि आत पोखरत जातो. तुम्हाला लाल घालवायचाय, काळा राहू द्यायचाय.

म्हणून मी म्हणेन 'चांगला करायचा' ऐवजी 'उपयोगी करायचा' एवढंच ठरवा, म्हणजे कुठं थांबायचं ते कळतं. कलमाचा चाकू बरा झाला कधी म्हणायचं, तर नखानं उघडतो, उघडल्यावर पातं डावीउजवीकडे डगडगत नाही, फडक्याला लाल डाग येत नाही आणि आंब्याची काडी, म्हणजे रोपावर जोडायची फांदी, एका ओढीत सपाट कापतो. बस्स. बाकी डाग, खड्डे, रंग सगळं राहू दे की.

मामंजींच्या धारेबद्दल तुम्ही विचारलंत ते वाचून थोडी थांबले मी. पण ताई, ती धार आता नाहीये. धार म्हणजे पात्याची सगळ्यात पातळ कड आणि गंज आधी तिलाच संपवतो. आणि पातं अरुंद झालंय असं तुम्हीच लिहिलंय, ते कशानं झालं, त्यांनीच दर हंगामात दगडावर घासून. म्हणजे स्वतःची जुनी धार ते स्वतःच दरवेळी घालवत होते. त्यांची खूण हवी असेल तर ती त्या झिजलेल्या आकारात आहे, आणि मूठ नीट बघा, जिथं अंगठा टेकतो तिथं लाकूड थोडं खोलगट, गुळगुळीत झालेलं असण्याची शक्यता आहे. तिथं पॉलिश पेपर लावू नका म्हणजे झालं.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. तुमचा हात शिकाऊ आहे, सुरुवातीची कलमं बिघडणारच, चाकू हातातून पडणार, कुंडीच्या कडेला आपटणार. स्वस्तातला नवा चाकू घ्या, सराव त्याच्यावर करा, म्हणजे जुन्याला बरं करायची घाईही राहणार नाही. फक्त 'नवा मिळतो म्हणून जुना कशाला' हे मला पटत नाही, नवा आला तरी जुना गंजायचा थांबत नाही ना.

तर आता कसं करायचं ते. मी एक क्रम पाळते, जे मागे घेता येतं ते आधी, जे मागे घेता येत नाही ते शेवटी. लावलेलं तेल पुसता येतं, घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

पहिलं तेल. शिलाई मशीनचं पातळ तेल चालेल किंवा हार्डवेअरवाल्याकडे गंज सोडवायचा स्प्रे मिळतो तो. पूर्वी ह्याला सरळ रॉकेल वापरायचे, आता ते सहजी मिळत नाही, थोडंसं डिझेल मिळालं तर तेही चालतं, फक्त गॅसपासून लांब आणि हातमोजे घालून. खोबरेल तेल वाईट नाही, लवकर चिकट होत नाही, पण थंडीत गोठतं आणि बारीक फटीत तितकं शिरत नाही. करडई, सूर्यफूल, जवस ही तेलं मात्र सांध्यात अजिबात नको, हवा लागून चिकट होतात, वाळतात, आणि मग चाकू गंजानं नाही तर तेलानंच अडकतो.

थेंब टाकायचे कुठं, तर पातं ज्या पिनेवर फिरतं तिच्या दोन्ही बाजूंना, आणि मुठीच्या पाठीला स्प्रिंग आणि पत्रे ह्यांच्यामध्ये ज्या रेघा दिसतात त्यांच्यावर. चाकू वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवायचा, सकाळी परत थेंब, दोनतीन दिवस लागले तर लागू देत. मग चामड्याचा जाड तुकडा, जुन्या चपलेचा पट्टा वगैरे, पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंना धरून, धारेवर बोट न जाऊ देता, उघडायच्या दिशेनं हलका जोर द्यायचा. केसभर हललं तरी खूप झालं, परत मिटायच्या दिशेला, परत तेल, असं पुढेमागे. काळा-लाल चिखल बाहेर येत राहील तो पुसत जायचा. पक्कड लावू नका, तिचे दात पात्यावर कायमचे उमटतात, आणि हातोडी तर नकोच, हे पोलाद कडक असतं, वाकण्याआधी तुटतं. आणि एक, अर्ध्याच्या पुढे गेलं की स्प्रिंग अचानक जोर धरते, पातं झटक्यात उघडतं किंवा मिटतं, लोकांची बोटं कापतात ती तिथंच, तर मिटायच्या वाटेत बोट ठेवायचं नाही.

उघडला की जुना टूथब्रश, कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, फटीतली घाण लाकडी टूथपिकनं काढायची. भिजत ठेवायचा नाही, घासून लगेच पुसून पंख्याखाली वाळवायचा आणि सांध्यात परत तेलाचा थेंब. ती पांढरी जीभ बहुतेक हाडाची असेल, डोळा भरताना, म्हणजे गुलाबाचं किंवा संत्र्या-लिंबाचं कलम करताना, खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याची, साल न फाटता उचलायला ती वापरतात. कोय कलमाला तिचं काम नाही, पण काढूही नका आणि घासूही नका, नुसती पुसा.

एवढं झालं की थांबा आणि गावी जाल तेव्हा चाकू भाऊजींच्या हातात द्या. उघडमीट करून बघू देत त्यांना. आत्तापर्यंत तुम्ही मागे न घेता येणारं काहीही केलेलं नाही, आणि पुढचं मात्र तसं आहे, तेव्हा पुढचं त्यांना सांगून करा. मला वाटतं वर्षानुवर्षं न उघडलेला चाकू एकदा उघडलेला बघितला की बोलणं वेगळ्या रस्त्यानं जाईल, पण नाही गेलं तरी गंज थांबलेला असेल, तेल लावलेला असेल, तो तसा ठेवणंही वाईट नाही.

त्यांचा होकार असेल तर पुढं गंज. स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून गोळा करा, तेलाचा थेंब टाका आणि घासा, अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ असतं त्यामुळे गंज निघतो आणि खोल चरे पडत नाहीत. त्यानं गेला नाही तर ८०० नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून, पात्याच्या लांबीच्या दिशेनं, गोल गोल नाही. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर निरुपद्रवी वाटतो पण त्यात कडक कण असतात, पातं चरचरीत होतं. अक्षरांवर फॉइलच्या पुढं जाऊ नका. गंजानं पडलेले खड्डे घासून सपाट करायच्या मागे लागू नका, तिथं पोलाद आधीच गेलंय, आजूबाजूचं घालवून काय मिळणार? खड्ड्यातल्या हट्टी लाल ठिपक्यांवर कडक कोरा चहा गार करून लावून ठेवा तासभर, चहातलं टॅनिन आणि गंज मिळून काळा थर तयार होतो, पूर्वी हिरडा आणि लोखंडापासून शाई करायचे त्यातली गोष्ट हीच. मग पुसून, वाळवून, तेल.

आता धार, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय. पातं उजेडाकडे धरून टोकाकडून बघा. घरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार असतो, कलमाच्या चाकूला बहुतेक वेळा एकाच बाजूला उतार आणि दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीला टेकून चालते म्हणून काप सरळ येतो. ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलच, सालीच्या लगेच आतला जो ओला हिरवट थर असतो तो काडीचा आणि खुंटाचा एकमेकाला भिडला तर कलम धरतं, काप वरखाली झाला की मध्ये फट राहते, तिथं पाणी शिरतं आणि काडी काळी पडते. त्यात कोय कलमाचं रोप जेमतेम दहापंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस, खोड कोवळं, त्यात चारपाच सेंटिमीटरची चीर मधोमध उतरवायची आणि काडीला तेवढीच पाचर काढायची. बोथट चाकू ते खोड चिरत नाही, चिरडतो.

म्हणून धारवाल्याकडे देऊ का ह्याला माझं उत्तर नको असंच आहे. त्याचं काम वाईट असतं म्हणून नाही, सुऱ्या-कात्र्यांना तो उत्तम धार लावतो, पण हातात चाकू आला की सवयीनं दोन्ही बाजू चाकाला लावणार आणि दोन मिनिटांत सपाट बाजू गेली, ती परत आणायला बरंच पातं घासून घालवावं लागेल आणि तुमचं आधीच अरुंद आहे. दुसरं म्हणजे कोरड्या चाकावर पातळ कड फार पटकन तापते. पातं निळं पडलं म्हणजे तिथं साधारण ३०० अंशापर्यंत गेलं आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं, त्या जागी पुढं धार टिकणार नाही. द्यायचाच असेल तर समोर उभं राहून 'एकाच बाजूनं, आणि पाण्यात बुडवत' असं सांगून द्या.

हां, आणि तुम्ही डावखुऱ्या तर नाही ना? हे चाकू बहुतेक उजव्या हाताचे असतात, डाव्या हातात उतार उलट्या बाजूला येतो आणि पातं काडीत घुसत जातं. तसं असेल तर हा चाकू बरा करून जपा, पण कलमांसाठी डावखुऱ्यांचा वेगळा घ्या, ह्याचा उतार बदलायला जाऊ नका.

घरी धार लावायची तर हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मिळतो, एक जाड एक बारीक, तुम्हाला बारीक बाजूच लागेल, आणि पुढं १००० नंबरचा पाण्याचा दगड मिळाला तर उत्तम. दगडावर तेल वापरलं तर कायम तेलच, पाणी तर कायम पाणीच. कोन नवीन शोधायचा नाही, जुनाच पकडायचा, त्याला सोपी युक्ती म्हणजे उताराच्या बाजूला काळ्या मार्करनं रंग द्या आणि दगडावर एक हलकी ओढ घ्या. रंग फक्त धारेपाशी गेला तर पाठ जास्त उचललीय, फक्त वरच्या अंगाला गेला तर कमी उचललीय, सगळा सारखा गेला की कोन सापडला. मग तोच धरून घासत राहा, सपाट बाजूला बोटाचं नख आडवं फिरवलं की बारीक खरखर लागेपर्यंत, आणि ती बुडापासून टोकापर्यंत लागली पाहिजे, ह्याला वर्कशॉपवाले बर म्हणतात. ती आली की चाकू उलटा, सपाट बाजू दगडावर पूर्ण झोपवून, अजिबात न उचलता, हलक्या दोनतीन ओढी. परत उताराच्या बाजूनं एक. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून ओढायचा, न्हावी पूर्वी वस्तरा फिरवायचे तसा. टोकाजवळचा उडालेला तुकडा मुद्दाम घासून काढू नका, काडीचा काप पात्याच्या मधल्या भागानं येतो, ती खोट दर धारेला थोडी थोडी कमी होत जाईल.

धार अंगठ्यावर बघायची सवय असेल तर सोडा. वर्तमानपत्राचा कागद कापून बघा, मग काडी, आणि कापलेला भाग उजेडात धरा. गुळगुळीत असेल तर झालं, कापावर लांब रेघ उमटली असेल तर धारेत त्या जागी खोट आहे, परत दगड.

पातं डगडगत असेल तर पिन सैल झालीय. ती छोट्या हातोडीनं हलके ठोकून दोन्हीकडून पसरवावी लागते, आणि हे काम मी तुम्हाला घरी करा म्हणणार नाही, एक ठोका जास्त पडला की चाकू परत जाम. ओळखीचा सोनार असेल तर त्याच्याकडे बारीक ऐरण आणि हातोडी असते, आणि हातही हलका. स्प्रिंग पार मेली असेल, पातं उघडं राहतच नसेल, तर मात्र तो कामाला वापरू नका, ह्या चाकूंना लॉक नसतं, मिटतं ते थेट बोटांवर.

मुठीचं लाकूड सुकलं असेल तर जवसाच्या तेलाचं बोट फिरवा, फक्त लाकडाला, सांध्याला नाही. आणि जवसाचं तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ती तापतात आणि खरोखर पेट घेऊ शकतात, पसरून बाहेर वाळवा मग टाका.

कलमं सुरू झाली की अडचण उलटी होते, चाकूला तेल हवं आणि काडीला तेल चालत नाही, कापावर तेल राहिलं तर जुळण्यात अडथळा. म्हणून काम सुरू करण्याआधी पातं स्पिरिटनं पुसा, मधेमधेही पुसत राहा, आंब्याचा चीक पात्यावर वाळू देऊ नका, आणि संध्याकाळी परत पुसून तेलाचा हात. पुढं लिंबू किंवा डाळिंबाच्या झाडांवर हाच चाकू नेणार असाल तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना निर्जंतुक करणं फारच गरजेचं, लिंबूवर्गातले काही रोग आणि डाळिंबाचा तेल्या हत्यारांवरून पसरतात. त्यासाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराईटचं द्रावण सांगतात, पण त्यानं कार्बन पोलाद पटकन गंजतं, तेव्हा वापरलं तर लगेच धुऊन पुसून तेल, नाहीतर अशा झाडांना सरळ स्टेनलेसचा चाकू ठेवा. आणि चामड्याच्या पाकिटात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं. तेलाचं फडकं गुंडाळून, बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवलेला बरा.

घरात कलमाचा नाही पण साधा जुना खिशातला चाकू पडलाय अशांनी वरचं सगळं वापरावं, फक्त धार दोन्ही बाजूंनी, साधारण २० अंशांनी. अंश मोजत बसायची गरज नाही, पातं १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ५ मिलिमीटर उचला, जवळपास तेवढंच होतं. मूठ जुन्या रंगीत किंवा शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची असेल आणि चोळल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड असतं, ते फार भडकन पेटतं, त्याच्याजवळ हेअर ड्रायर किंवा ज्योत नेऊ नका, आणि जुनं झालं की त्यातून निघणाऱ्या वाफेनं शेजारचं पोलादही गंजतं म्हणून असा चाकू बंद डब्यात इतरांसोबत ठेवू नका. मूठ हस्तिदंताची वाटत असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका, तो व्यापार आपल्याकडे बंद आहे. आणि बरोबर घेऊन फिरण्याबद्दल विचाराल तर शस्त्र कायद्याच्या नियमात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची गोष्ट आहे, त्यातूनही घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळलीत, तरी शहरात अधूनमधून पोलिसांचे मनाई आदेश असतात, तेव्हा खिशात नको, सामानात गुंडाळून न्या. विमानात केबिन बॅगेत चालत नाही हे माहीत असेलच.

राहिले भाऊजी. त्यांच्याशी बोलताना चाकू वापरू का हा प्रश्न पहिला टाकू नका, मामंजी धार कशावर लावायचे ते विचारा. त्यांनी लहानपणी बघितलं असणारच, आणि तो दगड परसात किंवा पडवीत कुठंतरी अजून पडलेला असेल. त्यांना शोधायला लावा. सापडला तर तो मध्ये खोलगट झालेला असेल, त्यावर तशीच धार लावली तर तुमची सपाट बाजू गोल होईल, म्हणून आधी जाड काचेवर खरखरीत वॉटर पेपर पसरून, पाणी टाकत, दगड त्यावर सपाट होईपर्यंत घासून घ्या, जोर लागतो, ते काम भाऊजींना द्या. चाकू ठेवायचाही गावच्या घरीच, डोंबिवलीच्या कपाटात नाही. कोयी तुम्ही जूनमध्ये रुजत घालणार म्हणजे कलमांची वेळ जुलैत येईल, तेव्हा तेलाचे पहिले थेंब ह्याच आठवड्यात टाका.